कणी न धरलेलं तूप

श्रावणात डेअरीला कुलूप पडलं आणि मंगलच्या घरात दूध उरायला लागलं.

भांडण फॅटवरनं झालं होतं. वर्षानुवर्षं सातच्या खाली न उतरलेल्या म्हशींच्या दुधाला एका आठवड्यात पाच, साडेपाच फॅट लागायला लागली. लोक म्हणाले, मशीन बिघडवलंय. सेक्रेटरी म्हणाला, तुमीच पानी घालताय. एका सकाळी कुणीतरी सेक्रेटरीच्या गळपट्टीला हात घातला, कॅन लवंडले, दूध वाहत गटारीपर्यंत गेलं आणि चेअरमननं शटर ओढून घेतलं. बेळगावहून साहेब येणार, मशीन तपासणार, मग शटर उघडणार, असं म्हणता म्हणता पंधरा दिवस गेले. साहेब काही आला नाही. गाव मात्र एकमेकांच्या चरवीत डोकावून बघायला शिकलं.

मंगलच्या दावणीला दोन म्हशी, दोन्ही दुधावर. घर सांबऱ्याच्या विमानतळाकडं जाणाऱ्या वाटेवर. विमान डोक्यावरनं गेलं की थोरली म्हैस पान्हा चोरायची, तेवढं सोडलं तर गुणाची जनावरं. निम्मं दूध चार घरांना रतीबाला जायचं. उरलेल्याचं करायचं काय? मंगलनं विरजण लावलं. तिची सासू राजाबाई माळ्यावर चढून रवी शोधायला लागली तेव्हा मंगल खालनं ओरडली, "आत्ती, पडशीला! मिक्सरात काढते मी लोनी."

"मिक्सरात लोनी मरतंय," राजाबाई वरनं म्हणाली. पंचाहत्तरीची म्हातारी, पण रवी घेऊनच उतरली. जळमटं झाडली, ऊन पाण्यानं धुतली आणि पदरानं पुसता पुसता म्हणाली, "बारा वरसं झाली."

बारा वर्षांपूर्वी मंगलचा नवरा गुंडू उसाच्या फडात छाती धरून खाली बसला होता. शेहेचाळीस वर्षांचा गडी. बेळगावच्या डॉक्टरनं रक्ताच्या नळीत जाळी बसवली आणि मंगलला समोर बसवून सांगितलं, तूप, लोणी, साय, मटणाची चरबी, सगळं बंद. मंगलनं ते देवाचा कौल घ्यावा तसं घेतलं. त्या आठवड्यापासून घरात रिफाइन्ड तेलाचा कॅन आला. मटण झालंच तर चरबी काढून कुत्र्याला. गुंडूची भाकरी कोरडी, भाजी नावाला तेलाची. गडी जगला, पण वाळला. राजाबाई त्याच्या ताटाकडं बघायची आणि काही बोलायची नाही. हे न बोलणं मंगलला बारा वर्षं ऐकू येत होतं.

आता जग उलटं फिरलं होतं. मंगलचा लेक युवराज उद्यमबागेतल्या कारखान्यात लेथवर कामाला. जेवताना मोबाइल ताटाच्या कडेला टेकवून बसायचा. त्यात कोण कोण डॉक्टर सांगायचे, तेल हेच विष, तूप खा, जनावराची चरबी खा, आपले पूर्वज काय खुळे होते का?

"बगितलंस?" तो म्हणायचा.

"त्यो डॉक्टर आन् आपला डॉक्टर, दोगांतला खरा कोनचा?" मंगल विचारायची.

"दोगं बी आपापल्या येळंला खरं," युवराज हसायचा आणि कोऱ्या कॉफीत चमचाभर तूप सोडून प्यायचा. ते बघून मंगल तोंड फिरवायची. तिचा ना मोबाइलवर विश्वास बसायचा, ना कॉफीवर.

*

गणपतीच्या आधी चार दिवस राजमती आली.

राजमती म्हणजे नेमिनाथअण्णांची बायको, जैनांच्या घरातली. त्यांचं शेत मंगलच्या शेताच्या बांधाला लागून. माहेर निपाणीकडचं, बासष्ट वय, अंगानं काटक, बोलणं मोजकं. तिनं रिकामा स्टीलचा डबा पिशवीतनं काढला, पण हातातच ठेवला.

"यंदा पर्युषनाच्या पर्वात दहाचे दहा उपास धरनार हाय मी," ती म्हणाली. "नुसत्या गरम पान्यावर. पारन्याला माहेरची, सासरची मानसं येनार. दरसाल तूप भाऊ लावून द्यायचा, त्यानं औंदा म्हशी इकल्या. बाजारचं नगो वाटतंय."

"का वो आक्का?"

"ऐकत न्हाईस व्हय? तुपात चरबी घालत्यात म्हनं. डब्यावर गाईचं चित्र आन् आत काय, देवाला ठाऊक." तिनं चरबी हा शब्द ओठांच्या टोकावरनं बाहेर ढकलला. "तुज्याकडं लोनी हाय असं कळलं. दाखीव."

मंगलनं पाण्यातला लोण्याचा गोळा पुढं केला. राजमतीनं कणभर घेतला, तळहातावर चोळला, नाकाशी नेला. मग कढवायचं पातेलं बघितलं. पातेल्याच्या बुडाशी बोट फिरवलं. कट्ट्यावरनं, फळीवरनं तिची नजर एकेक भांडं मोजत गेली.

"ह्यात दुसरं काय शिजत न्हाय न्हवं?"

"न्हाय आक्का. आमचं तसलं असलं तर मागं परड्यात, चुलीवर. भांडी येगळी."

"मी काय शपथ मागत न्हाय. पर माझं दहा दिवसांचं हाय."

"माज्या हातानं करीन," मंगल म्हणाली. तिचे कान तापले होते. आपल्याच सैपाकघरात चोर असल्यासारखं उभं राहावं लागलं होतं. तरीही आत कुठंतरी तिला बरं वाटलं. गावात एवढी दावणी असताना राजमती हिच्या दारात आली होती.

डबा चार किलोचा. राजमती तो ठेवून गेली.

*

चतुर्थीला गणपती बसले आणि दुसऱ्या दिवशी उंदरी. ह्या भागात उंदीरमामाच्या नावानं घरोघर मटण शिजतं. त्याच दिवशी राजमतीचं पर्व सुरू झालं. मंगलनं सकाळीच लोण्याचं गाडगं झाकून आत देवळीत ठेवलं, सैपाकघराचं दार ओढून घेतलं आणि मटणाचा पसारा परड्यात मांडला.

युवराज खाटकाकडनं वाटा घेऊन आला, शिवाय वेगळी पिशवी. पांढरीफेक चरबी.

"टाकू नगोस, कढवून ठेव. तेलाचा कॅन आता बंद."

"मी हात लावनार न्हाय," मंगल म्हणाली.

"आन हिकडं," राजाबाई पुढं झाली. तिच्या अंगात जोर आला होता. विळीवर बसून तिनं चरबीचे बारीक तुकडे केले, काळ्या कढईत घातले, वर घोटभर पाणी सोडलं आणि मंद जाळावर धरलं. पाणी आटलं, चरबी पाझरायला लागली, तुकडे तांबूस होऊन तडतडले. तिनं ते फडक्यानं गाळून बरणीत ओतलं. "तेल कुनाच्या बापानं बगितलंतं त्या काळात! बारशाला, नायतर दिवाळीला. एरवी ह्याचीच फोडनी."

मंगलला ते ठाऊक होतं. लग्न होऊन आली त्या वर्षी ती बायकांबरोबर रानात तण काढायला, भांगलायला गेली होती. दुपारी भाकऱ्या सोडल्या तेव्हा मंगलच्या भाजीतल्या चरबीच्या वासानं एक जण नाक दाबून उठली आणि लांब जाऊन बसली. बाकीच्या हसल्या. मंगलनं ती भाजी न खाता बांधावर उपडी केली आणि संध्याकाळपर्यंत उपाशी भांगलली. त्या वासाला ती तेव्हापासून भीत होती.

संध्याकाळी बरणीतली चरबी थिजून दगडी झाली. राजाबाईनं ती परड्यातल्या फळीवर ठेवली.

*

लोणी कमी भरायला लागलं ते त्यानंतर.

रोज सकाळी मंगल रवीनं घुसळायची, गोळा गाडग्यात ठेवायची, पाणी बदलायची. तिसऱ्या दिवशी तिला गोळ्यावर दोन बोटांची चर दिसली. मांजर असेल म्हणून तिनं वर पाटा ठेवला. पाटा जागेवर, पण चर पुन्हा पडली. मांजराला काही पाटा उचलता येत नाही.

मग तिचा संशय युवराजवर गेला. सकाळी तो कॉफी करायला उठला की ती अंथरुणातनंच कान टवकारायची. भांड्याचा आवाज, झाकणाचा आवाज. एकदा तिनं त्याला धरलंच.

"लोनी तू घेतलंस?"

"मी तुपाच्या वाटीतलं चमचाभर घेतो. लोनी कशाला घिऊ?"

"पारन्याचं हाय ते, आक्काचं!"

"अगं आई, घेतलं न्हाय म्हटलं न्हवं!"

मग सासूवर. राजाबाईच्या तोंडात दात चारच, लोणी तिला सोसेल असं. मंगल तिच्या ओठांकडं बघायची, पदराकडं बघायची. पदराला कधी तेलकट डाग दिसला की किती जुना असेल याचा अंदाज बांधायची. शेवटी तिनं गाडग्याला आतनं, लोण्याच्या पातळीवर कुंकवाची बारीक रेघ ओढली. दुसऱ्या सकाळी पाण्यानं रेघ अर्धी विरली होती आणि लोणी तिच्या बोटभर खाली होतं. आपल्या घरात आपण रेघा ओढत बसलोय, हे मनात येऊन तिला स्वतःचीच लाज वाटली. तरी तिनं तिसऱ्या दिवशी पुन्हा ओढली.

त्यातच पावसानं दोन दिवस उघडीप दिली आणि सगळ्यांच्या सोयाबिनात एकदम बायका लागल्या. मंगलला पैऱ्याला जावंच लागलं. आज दुसरीच्या रानात राबावं तेव्हा उद्या दुसरी आपल्या रानात येणार. दुपारी सर आली, बायका पोत्याच्या खोळी घेऊन राबत राहिल्या. संध्याकाळी मंगलचं नाक चोंदलं, डोकं जड झालं. पर्वाचा आठवा दिवस होता तो. दुसऱ्या दिवशी रान नाही, घरी राहून तूप कढवायचं, असं ठरवत ती घरात आली, तर कट्ट्यावर राजमतीचा डबा भरलेला. काठोकाठ.

"मीच कढवलं," राजाबाई म्हणाली. "तू दमून येनार म्हनून. पान टाकलंय, दोन लवंगा टाकल्यात. नेमाण्णाला निरोप बी धाडलाय."

"एवढं भरलं?" मंगलनं विचारलं.

"तर! लोनी काय कमी हुतं?"

कमीच होतं. मंगलनं सकाळी रेघ बघितली होती. तिच्या हिशेबानं डबा चार बोटं रिकामा राहायला हवा होता. तिनं डब्यावर वाकून वास घेतला, पण चोंदलेल्या नाकाला काही कळेना. तूप पिवळं, नितळ दिसत होतं. मनात काहीतरी टोचलं. तेवढ्यात नेमिनाथअण्णांची स्कूटर दारात आली. ते आत आले नाहीत, उंबऱ्याबाहेरच थांबले. मंगलनं डबा दिला. अण्णांनी झाकण उघडून बघितलं, मान हलवली आणि डबा पायांच्या मधे ठेवून निघून गेले.

डब्यात मावलं नाही ते वाटीभर तूप राजाबाईनं घरच्यासाठी काढून ठेवलं होतं.

*

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मंगलचं नाक सुटलं. वरणावर घालायला तिनं वाटी उचलली आणि थबकली.

म्हशीचं तूप थिजलं की कणी धरतं. बुडाला रवाळ, वर पातळ. हे थिजलं होतं सपाट. मेणासारखं. तिनं चमच्याची कड दाबली, तर खपली निघाली. खपली तळहातावर घेऊन चोळली. थोडं विरघळलं, बाकीचं चिकट होऊन हाताला बसलं. तिनं हात नाकाशी नेला. पान, लवंग, आणि त्यांच्या खालनं हळूच वर येणारा तो वास.

ज्या वासानं भांगलणीतली ती बाई नाक दाबून उठली होती, तोच.

मंगल परड्यात गेली. फळीवरच्या बरणीचं झाकण काढलं. बरणी अर्धी रिकामी.

राजाबाई चुलीपुढं बसून शेंगा फोडत होती. मंगलनं वाटी तिच्या पुढ्यात ठेवली.

"आत्ती, हे काय हाय?"

"तूप."

"खाऊन दावा."

राजाबाईनं वाटीकडं बघितलं नाही. शेंगा फोडत राहिली. टरफलं आणि दाणे एकाच सुपात पडायला लागले तरी तिला कळलं नाही.

"आक्का नऊ दिवस उपाशी हाय! बाजारात चरबी घालत्यात म्हनून ती आपल्या दारात आली! आन् तुमी..." मंगलनं वाटी आणखी पुढं सरकवली. "का केलासा?"

"मला काय इचारतीस? तुज्या नवऱ्याला इचार."

गुंडू गोठ्यात वैरण टाकत होता. आवाज ऐकून दारात येऊन उभा राहिला होता. हातात कडब्याची पेंडी तशीच. अठ्ठावन्नचा माणूस, पण त्या घडीला शाळेतनं पळून आलेल्या पोरासारखा दिसला.

"मी खाल्लं," तो म्हणाला. "लोनी."

"तुमी?" मंगल म्हणाली.

"पैल्या दिवशी बोटभर. मग... ऱ्हावलं न्हाय. तू धारंला बसलीस की मी आत यायचो. शिळ्या भाकरीवर." तो खाली बघत होता. "आईनं बगितलं. तिनं तुला सांगितलं न्हाय."

"कशाला सांगू?" राजाबाई एकदम उसळली. "बारा वरसं माज्या पोराला कोरडी भाकरी घातलीस तू! म्हशी दावनीला, आन् धनी कोरडं खातोय. डाक्टर म्हनला, डाक्टर म्हनला! आता तुजाच लेक म्हनतोय की दुसरा डाक्टर खा म्हनतोय. मग माज्या पोराचं काय घेतलंस तू बारा वरसांत? त्यानं खाल्लं, मी भरून काढलं. डबा भरायचा हुता न्हवं तुला? भरला!"

"मी त्यास्नी जिवंत ठेवलं, आत्ती," मंगल म्हणाली.

युवराज अंधार पडल्यावर कामावरनं आला. ऐकून घेतल्यावर तो आईला बाजूला घेऊन म्हणाला, "हे बग, कुनाला कळत न्हाय. त्या मानसांनी जन्मात चरबीचा वास घेतलेला न्हाय, ओळखनार कशी? तू जाऊन सांगितलंस तर गावभर हुईल. कोनतरी व्हिडिओ करून टाकंल. डेअरीवरनं आदीच मानसं पेटल्यात. आपलं दूध बी कोन घेनार न्हाय मग."

त्याचं खोटं नव्हतं. मंगलला ते पुरतं कळत होतं. जेवण तसंच झाकून ठेवून ती म्हशींच्या मधे जाऊन बसली. थोरलीनं मान वळवून तिच्या खांद्याला नाक लावलं. राजमती आत्ता काय करत असेल, याचा विचार मंगलच्या डोक्यातनं जाईना. पडली असेल. पोटात पाणी. आणि फळीवर तो डबा.

*

अनंत चतुर्दशीला, पर्वाच्या दहाव्या दिवशी दुपारी ती निघाली. रस्त्यात विसर्जनाची ताशेपथकं तयारी करत होती. कुणी हाक मारली तरी तिनं मान वर केली नाही.

राजमती सोप्यात चटईवर पडली होती. दहा दिवसांत गालफडं बसली होती, ओठ सोललेले. डोळे मात्र लख्ख. आतनं बेसन भाजल्याचा, गुळाचा वास येत होता. सैपाकघराच्या दारातनं सून प्रणिता दिसत होती. परातीत लाडू वळून मांडत होती. सत्तर-ऐंशी तरी असतील.

ती परात बघून मंगल उंबऱ्यातच थांबली.

"ये की," राजमती हळू आवाजात म्हणाली. "उठवत न्हाय मला. बस."

मंगल बसली नाही. बसली तर बोलता येणार नाही असं तिला वाटलं. "आक्का, त्या तुपात चरबी हाय," ती म्हणाली.

राजमतीला कळलं नसावं.

"बकऱ्याची. लोनी कमी पडलं म्हनून आमच्या आत्तीनं घातली. मी रानात गेलते. मला काल सांच्याला कळलं." मग तिनं जोडलं, "कळल्या कळल्या यायला पायजे हुतं. आले न्हाय. रातभर भ्याले."

राजमती एका हातावर जोर देऊन उठून बसली. तिला तेवढ्यानं धाप लागली. "किती घातली?"

"अर्धी बरनी."

राजमतीनं स्वतःचे तळहात उलटसुलट करून बघितले. "काल सांच्याला बस्तीत, देवापुढं दिवा लावलाय गं मी त्याचा," ती म्हणाली. "ह्या हातानं वात भिजवली."

आणि तिला उमासा आला. पोटात काहीच नव्हतं. सगळं अंग पिळवटून नुसतं पाणी आलं, तेही चूळभर. मंगल पुढं झाली, तशी राजमतीनं हात आडवा केला. शिवू नको. प्रणिता धावत आली, पाठीवरनं हात फिरवायला लागली, "काय झालं, अत्ती? काय झालं?" म्हणत मंगलकडं बघायला लागली.

तेवढ्यात नेमिनाथअण्णा बाहेरनं आले. बायकोची अवस्था, उभी मंगल, रडवेली सून. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांनी कानडीत काही विचारलं. मंगलला कानडी समजत होती. आता बोलणार, आता अण्णांचा आवाज चढणार, गल्ली जमणार, अशी ती वाट बघत राहिली.

राजमती कानडीतच म्हणाली, "लाडू पारण्याला चालणार नाहीत. उकिरड्यात खड्डा काढून पुरा. डबाही. तूप-तेल न लावता मुगाची खिचडी करू."

"का? ही काय म्हणते?" अण्णांनी मंगलकडं बोट केलं.

"उपास माझा आहे. मी सांगते तेवढं करा. उद्या पारणं झालं की सगळं सांगते, खोटं नाही सांगणार."

दहा दिवस उपाशी असलेल्या बाईशी वाद कोण घालणार? अण्णांनी मंगलला एकदा पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि फावडं शोधायला परड्यात गेले. प्रणिता परात उचलून त्यांच्या मागं गेली. सकाळपासून वळलेले लाडू. तिचे खांदे उतरले होते.

दोघीच राहिल्या तशी राजमती मराठीत म्हणाली, "परवा क्षमावानी. समद्यांची क्षमा मागायची, समद्यांना करायची. तुला आजच केली."

मंगलनं हात जोडले.

"पर तुज्या घरचं तूप माज्या घरात परत येनार न्हाय."

"व्हय, आक्का."

"नीघ आता."

मंगल बाहेर पडली. मागच्या परड्यात फावड्याचा आवाज येत होता. वाटेत विसर्जनाचा गुलाल उधळला होता, तिच्या अंगावरही पडला. घरी येऊन तिनं आधी ती बरणी उचलली आणि लांब ओढ्याच्या कडेला नेऊन उपडी केली. राजाबाई दारातनं बघत होती. आडवी आली नाही.

संध्याकाळच्या जेवणाला तिनं दोन दिवसांत साठलेलं थोडं लोणी आपल्या हातानं कढवलं. गुंडूच्या भाकरीवर एक चमचा तूप घातलं, सपाट, शीग न ठेवता. तो ताटाकडं बघतच राहिला. हात पुढं होईना.

"खावा," मंगल म्हणाली. "सोमवारी बेळगावला चला माज्यासंगं. रक्त तपासायचं. डॉक्टर म्हनंल तेवढंच वाढीन, न्हाय म्हनला तर न्हाय. पर चोरून न्हाय. माज्या म्होरं खावा."

राजाबाई भिंतीला टेकून बसली होती. "तिनं काय म्हटलं?" तिनं विचारलं.

"क्षमा केली म्हनली."

"मग?"

"मग काय? तूप घेनार न्हाय."

म्हातारीनं पदर तोंडावर घेतला. रडत होती की काय, ते मंगलनं बघितलं नाही. तिच्याजवळ त्या दिवशी तेवढं शिल्लक नव्हतं.

*

सकाळी उजाडता उजाडता मंगल गोठ्यात गेली. शेण ओढलं, म्हशींना पेंड दाखवली, हात धुतले, थोरलीची कास धुतली आणि टेकणार तोच दारात कुणीतरी उभं असल्याचं जाणवलं.

राजमती होती. एका हातानं दाराची चौकट धरलेली, दुसऱ्या हातात घासून लख्ख केलेली पितळेची चरवी, वर पांढरं फडकं. पारणं व्हायचं होतं अजून. एवढं चालून ती कशी आली असेल! वाटेत दोनदा तरी बसली असणार, लुगड्याला चिखल लागला होता.

"आक्का! एकट्या आलासा?"

"पारन्याआदीच ह्यांना सांगितलं समदं. लई चिडलेत. येऊ देत नव्हते." तिनं दम घेतला. "दूध दे. माज्या चरवीत पिळ, माज्या म्होरं. तूप मी माझं काढीन."

"तुमाला झेपनार न्हाय, आक्का. घुसळायचं, कढवायचं..."

"आईनं शिकवलंतं. इसरले नसंन." राजमती गव्हाणीच्या कडेवर टेकली. गोठ्यातला वास, म्हशींचं फुरफुरणं, सगळीकडं तिची नजर फिरत होती. बादली, दावं, पाण्याची घागर. "बाजारात बी तेच हाय. पर बाजारवाला येऊन सांगत न्हाय," ती म्हणाली, मंगलकडं न बघता.

तिनं चरवीवरचं फडकं काढलं, चरवी मंगलच्या पुढ्यात ठेवली. मंगलनं ती गुडघ्यांत धरली. थोरलीच्या कासेला हात लावणार, तेवढ्यात राजमती म्हणाली,

"हात धुतलास?"

हात ओलेच होते. पाणी अजून कोपरावरनं ठिबकत होतं. मंगलनं चरवी खाली ठेवली, उठली, घागरीतनं तांब्या भरून घेतला आणि राजमतीला दिसेल असं उजेडात उभं राहून पुन्हा एकदा हात धुतले.